दोरीच्या बाहेरचा कारवान

कारवान जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घरी आणल्याचं कोणी चारचौघांत सांगितलं, की पुढचं बोलणं कुठे जाणार हे आता मला पाठ झालं आहे. एक जण विचारतो, रस्त्यावर एवढी कुत्री उपाशी फिरत असताना पैसे मोजून जातिवंत पिल्लू आणायची गरज काय? दुसरा लगेच उसळतो, ही आपल्या मातीतली जात आहे, मराठ्यांच्या घोडदळाबरोबर धावलेली, तिला नावं ठेवायची नाहीत. मग पहिला भूतदयेवर येतो, दुसरा अस्मितेवर, आणि ज्या जनावरावरून विषय निघाला ते तसंच बाजूला राहतं. गेली अनेक वर्षं मी कारवान पाळतो आहे. मोजकी वेतं काढली आहेत, काही कुत्री शोच्या रिंगमध्ये फिरवली आहेत. दोन्ही बाजूंची माणसं माझ्या जवळची आहेत आणि कोणाच्याही कळकळीबद्दल मला शंका नाही. पण ही जात जगेल की जाईल हे ज्या गोष्टींवर ठरणार आहे, त्यांतली एकही गोष्ट या भांडणात येत नाही.

माझी भूमिका आधीच सांगतो. साइटहाउंड म्हणजे वासावर न चालता नजरेने सावज हेरून ते पळून गाठणारा कुत्रा; कारवान त्यांतलाच. अशी दुर्मिळ जात पाळणं, तिची पैदास करणं आणि तिला शोमध्ये उतरवणं हा छंद समर्थनीय आहे. सरकार आणि गाव यांच्या जोडीला हा छंद नसेल, तर कारवान फार पिढ्या टिकेल असं मला वाटत नाही. पण माझं समर्थन बिनशर्त नाही. जातीच्या नोंदीची वही गावासाठी उघडी राहिली पाहिजे आणि रिंगमधल्या देखणेपणाला धावण्याच्या कसोटीतून जावं लागलं पाहिजे. हे होणार नसेल, तर या छंदावर होणारी टीका रास्त आहे.

हे जनावर कसं आहे ते थोडं सांगायला हवं, कारण वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते फोटोतच पाहिलेलं असतं. मराठवाडा आणि त्याला लागून असलेलं उत्तर कर्नाटक हा याचा मुलूख. लातूर जिल्ह्यातलं जानवळ यासाठी ओळखलं जातं. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, कमरेला हलकी कमान, आणि खाऊनपिऊन ठणठणीत असतानाही दिसणाऱ्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या. कानांवर आणि शेपटीवर रेशमी केस असले तर तो पश्मी. व्यापाऱ्यांच्या आणि फौजांच्या तांड्यांबरोबर पश्चिमेकडून दख्खनेत उतरलेलं हे सालुकी या मध्यपूर्वेतल्या साइटहाउंडच्या कुळातलं रक्त आहे असं मानतात, आणि नावही त्यातूनच आलं. मात्र जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांपैकी केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद कारवान हाउंड म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांची जी चार तिकिटं काढली, त्यांतही तो मुधोळ हाउंडच आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या जातीला आश्रय दिला, हे नाव त्यांच्यामुळे रूढ झालं आणि त्यांचं श्रेय नाकारायचं कारण नाही. माझी अडचण नावाबद्दल नाही, दोन वह्यांबद्दल आहे. दोन नावं, दोन मानकं, दोन नोंदवह्या. आधीच थोडकी असलेली जनावरं कागदावर दोन जाती होऊन बसली, आणि ज्यांच्याकडे कुठलाच कागद नाही अशी गावातली कुत्री दोन्हीकडून बाहेर राहिली.

आता विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. रेबीजने आजही माणसं मरतात, त्यांत लहान मुलं असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांवरून जे झालं, त्याने हा प्रश्न किती चिघळला आहे हे सगळ्यांनीच पाहिलं. अशा देशात जाणूनबुजून आणखी पिल्लं जन्माला घालणारा माणूस स्वार्थी वाटला तर नवल नाही. घर एक, माया एक, आणि ती विकत घेतलेल्या पिल्लाला मिळाली की रस्त्यावरच्या एका पिल्लाची जागा गेली, हा युक्तिवाद साधा आणि मनाला भिडणारा आहे. ज्याला फक्त सोबतीला कुत्रा हवा आहे, त्याला मी स्वतः सांगतो की गल्लीतलं पिल्लू उचल. ते हुशार असतं, काटक असतं आणि त्याला खरोखर तुझी गरज असते.

पण रस्त्यावरची कुत्री वाढतात कशाने? उघड्या कचऱ्याने, निर्बीजीकरणाच्या अर्धवट मोहिमांनी, आणि पाळलेलं जनावर मोकाट सोडणाऱ्या मालकांनी. चार-पाच वर्षांतून एखादं वेत काढणारा, प्रत्येक पिल्लू कुठे गेलं याची नोंद ठेवणारा आणि घर बदललं तर पिल्लू परत घेणारा माणूस या आकड्यात भर घालत नाही. त्याने उद्या छंद सोडला तर रस्त्यावरचं एकही पिल्लू कमी होणार नाही. आणि हाच न्याय इतर जनावरांना लावून पाहा. शहराशहरांत मोकाट गाई फिरतात, म्हणून लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याने देवणी आणि लाल कंधारी वळू राखणं बंद करावं, असं आपण म्हणू का? उलट जर्सी-होल्स्टिनच्या संकरात आपल्या गाई हातच्या गेल्या म्हणून आपण हळहळतो. भटक्या जनावराला आसरा देणं हा दयेचा प्रश्न आहे, आणि शेकडो वर्षांत घडलेलं एक रक्त राखणं हा वारशाचा. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडावर फेकून दोन्ही प्रश्न सुटत नाहीत.

तरीही या टीकेतला एक भाग मला पूर्णपणे मान्य आहे, आणि तो आमच्यातल्या लोकांना बोचतो. ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये मुधोळसह काही देशी जातींची नावं घेतली. त्या कौतुकाने जातीचं भलं व्हायला हवं होतं, काही प्रमाणात झालंही. पण मागणी वाढली की पिल्लांचा कारखाना मागोमाग येतो. माजावर आली की मादी लावायची, ग्रेहाउंडचं रक्त घालून उंची वाढवायची, आईपासून लवकर तोडलेली पिल्लं ‘अस्सल मुधोळ’ म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला विकायची. सहा महिन्यांनी ते जनावर पळायला जागा नाही म्हणून घर फाडतं आणि मग कुठल्यातरी हायवेला सोडून दिलं जातं. २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार राज्य मंडळाकडे नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, मायक्रोचिप सक्तीची आहे. हे नियम छंदावरचा हल्ला आहेत असं ओरडणारे ब्रीडर मी पाहिले आहेत. ज्याचा हात स्वच्छ आहे त्याला वही दाखवायला कसली भीती? छंद आणि धंदा यांतला फरक आम्हीच काटेकोर केला नाही, तर लोकांनी तो करावा ही अपेक्षा चुकीची आहे.

अस्मितेच्या बाजूबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण ती बाजू माझी समजली जाते. २०२५ मध्ये रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावरून केवढा गदारोळ झाला. संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, तिथे आजही लोक थांबून पाहतात. कुत्र्याला स्मारक देणारा आपला समाज आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण दगडातल्या कुत्र्यावरून भांडायला आपल्याकडे जेवढा उत्साह आहे, त्याचा दहावा हिस्सा तरी हाडामांसाच्या कुत्र्यांच्या वाट्याला येतो का? कारवान कोणाच्या फौजेत होता, कोणत्या गडावर राखण करत होता, या गोष्टी खऱ्या ठरल्या काय आणि खोट्या ठरल्या काय, आजच्या मादीला पुढच्या वेळी कोणता नर लावायचा हे त्यावरून ठरत नाही. ते ठरतं तिच्या आजोबा-पणजोबांच्या नोंदीवरून, आणि ती नोंद नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. जे काम करायला ही जात घडली ते कामच संपलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. ससा असो की काळवीट, त्याच्यामागे कुत्रा सोडणं हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच असला पाहिजे. काळवीट माळावर परत दिसू लागला तो त्याच कायद्याच्या आधाराने, आणि कारवानाच्या प्रेमापोटी मला तो परत गमवायचा नाही. मग काम गेल्यावर कामकरी जात कशासाठी राखायची? कुलूप नसलेल्या घराची किल्ली जपण्यासारखं नाही का हे?

या प्रश्नाला महाराष्ट्राने अलीकडेच एक उत्तर दिलं आहे, फक्त ते बैलाच्या बाबतीत. ट्रॅक्टर आला, मोट गेली, आणि खिलार बैलाचं शेतातलं काम आटलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह त्या पुन्हा सुरू झाल्या, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या सात वर्षांत दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं त्यात बरंच उथळ होतं, पण एक गोष्ट पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने अचूक सांगितली होती: शर्यतीचा घाट बंद झाला की खोंड कसायाकडे जातो, कारण त्याला दावणीला बांधून ठेवायचं कारण उरत नाही. शर्यतीत बैलाला होणारी मारझोड, शेपटी पिरगळणं, टोचणं हे सगळं खरं होतं, आणि प्राणिमित्रांनी ते ओरडून सांगितलं नसतं तर आजच्या अटीही आल्या नसत्या. म्हणजे मूळ काम गेलं तरी जात राहू शकते. पण त्या कामाच्या जागी काहीतरी जिवंत, अंगाला घाम फोडणारं यावं लागतं, आणि त्यावर क्रौर्याचा पहारा बसवावा लागतो.

साइटहाउंडच्या बाबतीत हे ‘काहीतरी’ पन्नास वर्षांपूर्वीच सापडलं आहे. अमेरिकेत १९७२ मध्ये साइटहाउंडवाल्यांनी अमेरिकन साइटहाउंड फील्ड असोसिएशन स्थापन केली, ती सशाशिवाय धावण्यासाठी. जमिनीलगत पुल्यांवरून दोरी फिरवायची, तिला प्लॅस्टिकची पांढरी पट्टी बांधायची, आणि मोटरवर ती नागमोडी पळवायची. कुत्रा तिच्यामागे असा सुटतो की पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. वेग, वळण, चिकाटी आणि पाठलागाची ओढ यांना गुण मिळतात. ब्रिटनमध्ये २००४ चा शिकारबंदी कायदा आला, २००५ मध्ये ससा-पाठलागाची वॉटर्लू कप ही जुनी स्पर्धा शेवटची झाली, आणि तिथेही धावणं या मार्गाने चालू राहिलं. आपल्याकडे माळरान आहे, कुत्रे आहेत, मोटर आणि दोरी कोणालाही परवडते. तरी आमचे बहुतेक मेळावे अजून हिरव्या मॅटवर दोन फेऱ्या मारण्यापुरते आहेत. ज्या जनावराचं सगळं सौंदर्य चारही पाय जमिनीवरून सुटण्याच्या क्षणात आहे, त्याला आम्ही उभं करून जोखतो.

काही जण म्हणतात, जाऊ द्या. पुढे कोणाला हवी वाटली तर पुन्हा घडवतील. हे होऊन गेलेलं आहे. आयर्लंडमध्ये लांडगे संपले आणि अठराव्या शतकाअखेर लांडग्यांवर जाणारा वुल्फहाउंडही जवळजवळ संपला. १८६० च्या दशकापासून कॅप्टन जॉर्ज ग्रॅहम यांनी उरलीसुरली कुत्री गोळा करून त्यांत डिअरहाउंड, ग्रेट डेन, बोर्झॉय यांचं रक्त मिसळलं आणि आयुष्य घालवून आयरिश वुल्फहाउंड पुन्हा उभा केला. त्यांच्या चिकाटीपुढे हात जोडावेत. पण उभा राहिला तो जुन्या नावाचा नवा कुत्रा, जो आज हृदयाच्या विकाराने आणि अल्पायुष्याने त्रस्त आहे. गेलेलं रक्त परत येत नाही, त्याच्या आठवणीची एक आकृती येते. याच्या उलट आपलं भीमथडी घोडं. घोडदळ संपलं, पागा मोडल्या, आणि हे तट्टू इतिहासजमा झालं असंच सगळे धरून चालले होते. अलीकडे करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. ते टिकलं कोणाकडे? मेंढरांमागे फिरणाऱ्या, बिऱ्हाड पाठीवर लादून वाड्यावस्त्या ओलांडणाऱ्या धनगरांकडे. त्यांना वारसा राखायचा नव्हता, ओझं वाहायचं होतं.

यावरूनच तिसरा आक्षेप समोर येतो, आणि तो मला सर्वांत जास्त झोंबतो: जाती वाचवतो म्हणणाऱ्या शोनेच जाती बिघडवल्या. हे खरं आहे. १८५९ मध्ये न्यूकॅसलला पहिला डॉग शो भरला, १८७३ मध्ये केनेल क्लब निघाला, आणि त्यानंतरच्या दीडशे वर्षांत डोळ्याला हवं म्हणून कुत्र्यांची नाकं दाबली, पाय आखूड केले. २०२३ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिएलची पैदास तिथल्या प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली. साइटहाउंडही सुटलेले नाहीत. अफगाण हाउंड १९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये आले तेव्हा मैदानी भागातले विरळ केसांचे आणि डोंगराळ भागातले दाट केसांचे असे दोन ढंग होते. रिंगला केस आवडले. आज त्या जातीचा कुत्रा जमिनीवर लोळणारी झूल घेऊन चालतो, जी घेऊन कोणत्याही डोंगरात एक दिवसही काढता यायचा नाही. पश्मीच्या कानांवरचे केस पाहून ज्या जजच्या चेहऱ्यावर आनंद फुलतो, त्याला पाहून माझ्या पोटात गोळा येतो तो यामुळे.

मग शो नकोतच का? मी इथेच टीकाकारांपासून वेगळा होतो. बिघाडाच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत, बंद वही आणि लाडका नर. एक नर चॅम्पियन झाला की जो तो आपली मादी त्याच्याकडे नेतो. वीस माद्या, सरासरी पाच पिल्लं, म्हणजे शंभर सावत्र भावंडं. पुढच्या पिढीत त्यांच्यातच जोड्या लागल्या तर सरासरी साडेबारा टक्के अंतःप्रजनन, म्हणजे आईबाप दोघांकडून एकाच पूर्वजाचं रक्त येणं, आलंच. बाप-लेक किंवा सख्खी भावंडं लावली तर पंचवीस. जातीची संख्या कागदावर वाढत असते आणि आत रक्त आटत असतं. ब्रिटनच्या केनेल क्लबने सख्ख्या भावंडांच्या आणि आईबाप-लेकरांच्या संबंधांतून झालेल्या पिल्लांची नोंद बंद केली ती २००९ मध्ये, बीबीसीने वर्षभर आधी या प्रकारांवर झोड उठवल्यावर आणि क्रफ्ट्स शोचं प्रक्षेपण थांबवल्यावर. टीका हवी असते ती यासाठी.

आणि वही उघडली की काय होतं त्याचीही उदाहरणं आहेत. बसेंजी हा मूळचा मध्य आफ्रिकेतला शिकारी कुत्रा. पाश्चात्त्य देशांतला बसेंजी मूठभर आयात कुत्र्यांवर उभा होता आणि फॅन्कोनी या मूत्रपिंडाच्या आजाराने पोखरला होता. १९८७ आणि १९८८ मध्ये काही छंदिष्ट अमेरिकन मध्य आफ्रिकेत गेले, तिथल्या खेड्यांतली कुत्री घेऊन आले, आणि १९९० मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्यांच्यासाठी आपली वही उघडली. ज्यांना कागदच नव्हता अशी खेड्यातली कुत्री! नॉर्वेच्या लुंडेहुंडची गोष्ट याहून कडू आहे. एका बेटावर टिकलेली ती जात डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाच्या साथींत सहा कुत्र्यांवर आली. त्यांतून पुन्हा वाढवली, पण आतड्याचा विकार घरोघर. २०१४ पासून नॉर्वेजियन केनेल क्लबलाच इतर स्पिट्झ जातींचं रक्त मिसळण्याचा प्रकल्प हाती घ्यावा लागला, कारण त्यांच्याकडे बाहेर उरलेलं गाव नव्हतं. आपल्याकडे अजून आहे. हे भाग्य किती दुर्मिळ आहे याची आम्हा कारवानवाल्यांना जाणीव नाही, याचं मला दुःख आहे.

शोचा आणखी एक उपयोग बाहेरून दिसत नाही. साइटहाउंडचं शरीर इतर कुत्र्यांसारखं नसतं. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण साधारण ५० ते ६५ टक्के असतं, जे दुसऱ्या कुत्र्यात दिसलं तर डॉक्टर आजार शोधू लागेल. थायरॉईडचं प्रमाण मुळातच कमी असतं, म्हणून निरोगी कुत्र्याला उगाच गोळ्या सुरू होतात. थायोपेंटालसारख्या भुलीच्या औषधातून ते फार उशिरा शुद्धीवर येतात, कारण अंगात चरबी नाही आणि यकृत ते औषध हळू मोडतं. हे ज्ञान घरोघर पोचलं ते ही जनावरं पिढ्यानपिढ्या हाताळणाऱ्यांच्या देवघेवीतून. माझ्या कुत्रीला एकदा नेहमीच्या डोसने भूल दिली आणि ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. ती रात्र मी जन्मात विसरणार नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांशी काय बोलायचं हे मला शोच्या मांडवात शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या ग्रेहाउंडवाल्याने सांगितलं. विखुरलेली माणसं आणि विखुरलेली जनावरं वर्षातून दोनदा एका जागी येतात, शेजारी शेजारी उभी राहतात, कोणाच्या वेतात काय दोष निघाला हे कळतं. हे काम आज दुसरं कोण करतं?

सरकार करेल, असं एक उत्तर मिळतं. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. करनालच्या ब्यूरोने पहिल्यांदा ज्या तीन कुत्र्यांच्या जाती नोंदल्या, त्यांत राजापालयम आणि चिप्पीपराईबरोबर मुधोळ आहे. हे काम मोलाचं आहे, आणि महाराष्ट्राने पश्मीसाठी असं काही उभं करावं म्हणून मी कोणाच्याही दारात जायला तयार आहे. पण सगळी अंडी एका टोपलीत ठेवल्यावर काय होतं? १९१७ पूर्वी रशियात पेरचिनो इथे ग्रँड ड्यूक निकोलाय यांच्याकडे बोर्झॉयचा जगातला सर्वोत्तम कुत्रेखाना होता. क्रांती झाली, सरदारांचा कुत्रा म्हणून बोर्झॉय मारले गेले, पेरचिनो संपलं. जात वाचली ती आधी परदेशी भेट गेलेल्या आणि विकत नेलेल्या कुत्र्यांमुळे, छंदिष्टांच्या घरांत. एक साथ, एक बदली, एका वर्षाचं कापलेलं अनुदान, एवढ्याने एखादं केंद्र रिकामं होऊ शकतं. शंभर घरांत दोन-दोन जनावरं असली तर ती सगळी एकदम जात नाहीत.

म्हणून छंद हवा. पण शंभर घरांतली सगळी कुत्री त्याच तीन चॅम्पियनांची नातवंडं असतील तर शंभर घरांचा उपयोग शून्य, आणि आज आम्ही त्याच वाटेवर आहोत. गावातल्या कुत्र्याला तज्ज्ञांनी पाहून, धावायला लावून, डीएनए नमुना घेऊन वहीत घेण्याची सोय हवी. एका नराला किती माद्या लावायच्या यावर मर्यादा हवी, मग तो कितीही सुंदर असो. चॅम्पियनपद धावल्याशिवाय मिळू नये. आणि शहरातल्या छंदिष्टाने पिल्लामागे मिळालेल्या पैशातला काही भाग ज्या गावातून रक्त आलं तिथे लसीकरणावर खर्च करावा, हे मी उपकार म्हणून सांगत नाही. ही जात संस्थानिकांच्या नावाने ओळखली गेली, पण तिला भाकरी घातली ती पारध्याने, धनगराने, लमाणाने, शेत राखणाऱ्या कुणब्याने. शिकार बंद झाल्यावर त्यांच्याकडे ती ठेवायला फारसं कारण उरलं नाही, तरी बऱ्याच जणांनी ती ठेवली. आमची पेडिग्री तीन पिढ्यांची आहे आणि त्यांची तोंडी, तीही आता विरत चाललेली.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शो होता. दोरीच्या बाहेर एक मेंढपाळ त्याची पिवळसर मादी घेऊन उभा होता. सात-आठ वर्षांची असावी, कानाचा एक कोपरा फाटलेला, मागच्या पायांवर बोरीबाभळीचे ओरखडे. आत माझी मादी पहिली आली. निकाल लागल्यावर जज दोरी उचलून बाहेर गेले, त्या मादीच्या खांद्यावरून, पाठीवरून हात फिरवला, तिला थोडं चालवायला सांगितलं आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, खांदा असा पाहिजे. मी त्या माणसाला विचारलं, हिची आई कोणाची? त्याने गावं सांगितली, नरांची नावं सांगितली, कोणता नर कोणत्या साली कोणाच्या वाड्यावरून आणला ते सांगितलं. सहा पिढ्या त्याला तोंडपाठ होत्या. माझ्याकडे तेव्हा कागद नव्हता, आणि ज्यांच्याकडे कागद होते ते टेबल आवरत होते. दोन वर्षांनी मी त्या भागात त्याला शोधत गेलो. मेंढरं मुलाने विकली होती, म्हातारा वारला होता. मादीला शेवटचं वेत झालं होतं, पाच पिल्लं. ती कोणी कोणी नेली हे म्हाताऱ्यालाच माहीत होतं.